सॉफ्टवेअर खरेदीच्या ठरावाआधी पूर्वतयारीचा ठराव घ्या: पतसंस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सहकारी पतसंस्थांचे अध्यक्ष, संचालक आणि व्यवस्थापक

स. न. वि. वि.

सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा उरकल्या की संस्थांमध्ये सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रतिनिधींची ये-जा सुरू होते. दोन-तीन प्रात्यक्षिके होतात, दरपत्रके येतात आणि मासिक सभेत ठराव होतो: ‘नवीन सीबीएस (कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांचे व्यवहार एकत्र ठेवणारी) प्रणाली खरेदी करण्यास व त्यासाठी येणाऱ्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. दि. १ एप्रिलपासून कामकाज नवीन प्रणालीवर सुरू करावे.’ प्रकल्प पुढे जिथे जिथे अडतो, त्यातल्या बहुतेक अडचणींचे मूळ या दोन वाक्यांत असते. आपल्याला नेमके काय हवे हे कागदावर येण्याआधी कोणाकडून घ्यायचे हे ठरून गेलेले असते. जुना डेटा कोणत्या अवस्थेत आहे हे कोणी उघडून पाहिलेले नसते. आणि निवडलेली तारीख अख्ख्या वर्षातली सर्वांत गर्दीची असते.

आम्ही पतसंस्थांच्या संगणकीकरणाची, डेटा स्थलांतराची आणि लेखापरीक्षणाची कामे करणारी मंडळी आहोत. आमची मागणी एकच आहे. खरेदीच्या ठरावाआधी एक वेगळा, लहान ठराव घ्या: दहा आठवड्यांच्या पूर्वतयारीचा. त्यासाठी थोडी रक्कम मंजूर करा, एक प्रकल्पप्रमुख नेमा आणि पूर्वतयारीचा अहवाल वाचून ‘आत्ता बदलायचे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार मंडळाकडे ठेवा.

प्रकल्पप्रमुख संस्थेचाच माणूस हवा, कंपनीचा नको. त्याचा निम्मा दिवस रोजच्या कामातून लेखी मोकळा करा, नाहीतर काउंटरवर गर्दी झाली की प्रकल्प बाजूला पडतो. त्याच्या जोडीला एक संचालक, अंतर्गत लेखापरीक्षक आणि रोज दिवसअखेर करणारा (दिवसाचा हिशेब बंद करणारा) एखाद्या शाखेचा लिपिक असावा. या शेवटच्या माणसाला समितीत घ्यायला मंडळे कचरतात. पण कोणते व्हाउचर दुसऱ्या दिवशीच्या तारखेला पडते, कोणत्या कर्जाचे व्याज हाताने दुरुस्त करावे लागते, हे त्यालाच माहीत असते. पिग्मी (रोजची बचत) गोळा करणाऱ्या एजंटांपैकीही एकाला बोलवा. रोजची वसुली त्यांच्या यंत्रातून येते आणि नियोजनात त्यांचे नाव सहसा कुठेच नसते.

समितीचे पहिले काम म्हणजे दोन पानांचे टिपण: प्रणाली का बदलायची? ‘जुनी झाली’ हे उत्तर पुरेसे नाही. तिमाही व्याज टाकायला किती तास लागतात, शाखा खात्यांच्या (शाखा-शाखांमधल्या व्यवहारांच्या) किती नोंदी महिनाअखेर न जुळलेल्या राहतात, आवर्त ठेवीचे व्याज अजून एक्सेलमध्ये काढले जाते का, थकबाकीची यादी एका बटणावर मिळते की तीन दिवसांनी, असे मोजता येईल ते लिहा आणि प्रत्येकासमोर हवे ते प्रमाण लिहा. हे करताना काही वेळा दिसते की अडचण सॉफ्टवेअरची नव्हतीच. शाखेची इंटरनेट लाइन दिवसातून चारदा जात असेल, किंवा व्यवस्थापकाचा पासवर्ड तिघे वापरत असतील, तर नवीन प्रणालीतही हेच चालू राहील.

मग व्याप्ती. ती माहितीपत्रकावरून ठरवू नका, तेरजेवरून, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांच्या गोषवाऱ्यावरून ठरवा. तेरजेतले प्रत्येक खाते घ्या आणि त्यामागची योजना, व्याजाचा नियम आणि जिवंत खात्यांची संख्या लिहा. बंद केलेल्या योजना हमखास सुटतात. दामदुप्पटीची योजना कधीच बंद झालेली असते, पण तिच्या पावत्या अजून लोकांच्या कपाटात असतात आणि त्यावर परिपक्वतेची रक्कम छापलेली असते. नवीन प्रणालीने त्यापेक्षा वीस रुपये कमी दाखवले तरी ठेवीदार काउंटरवर पावती पुढे करणार, आणि तो बरोबरच असणार.

व्याजाचा नियम म्हणजे फक्त दर नव्हे. एक लाखाची ठेव, दर ८.५ टक्के. तिमाहीचे व्याज ‘तीन महिने’ धरून काढले तर २,१२५ रुपये होते. तेच ९१ दिवस धरून ३६५ ने भागले तर २,११९ रुपये १८ पैसे. फरक ५ रुपये ८२ पैशांचा. अशा चार हजार ठेवी असल्या तर एका तिमाहीत २३,२८० रुपये. जुनी प्रणाली कोणत्या पद्धतीने काढते हे संस्थेत बहुधा कोणी लिहून ठेवलेले नसते, ते प्रोग्रॅममध्ये असते. लीप वर्षात ३६५ की ३६६, ठेव ठेवल्याचा दिवस धरायचा की काढल्याचा, मुदतपूर्व बंद केल्यास कोणता दर, पैसे कुठे पूर्णांकित करायचे, मुदत संपून पडून राहिलेल्या ठेवीला काय द्यायचे, पिग्मी सहा महिन्यांच्या आत मोडली तर कमिशन कोणाच्या अंगावर, या सगळ्यांची उत्तरे योजनानिहाय एका तक्त्यात हवीत आणि त्या तक्त्यावर मंडळाची मंजुरी हवी. उपविधी, परिपत्रके आणि प्रत्यक्ष चाललेला हिशेब यांत तफावत असेल तर ती इथेच उघड होते. ती कंपनीच्या प्रोग्रॅमरने सोडवायची गोष्ट नाही.

आता जुन्या डेटाकडे. सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि दरपत्रकात यासाठी बहुतेक एकच ओळ असते: ‘डेटा मायग्रेशन – समाविष्ट’.

आधी हे पाहा की डेटा खरोखर तुमच्या हातात आहे का. जुन्या कंपनीकडून पूर्ण बॅकअप मागवा, तो संस्थेच्या स्वतःच्या संगणकावर पूर्ववत करून घ्या आणि एका त्रयस्थ जाणकाराकडून उघडून वाचून घ्या. फाइल पेन ड्राइव्हवर आली म्हणजे डेटा मिळाला असे समजू नका. फाइलला पासवर्ड असतो, तक्त्यांची नावे सांकेतिक असतात, सह्यांची चित्रे वेगळ्याच ठिकाणी असतात आणि त्यांना खाते क्रमांक जोडलेले नसतात. हे सगळे जुन्या कंपनीशी संबंध चांगले असतानाच करायचे. तुम्ही सोडून जाणार हे कळल्यावर फोन उचलले जातीलच असे नाही.

दुसरी गोष्ट फॉन्टची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या प्रणालींत मराठी नावे श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी अशा जुन्या फॉन्टांत साठवलेली असतात. त्या फॉन्टांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या अक्षर-संकेतात, हे दोन्ही उलट असते. म्हणून ‘शिर्के’ हे साधे आडनावसुद्धा रूपांतरात दोन ठिकाणी मोडू शकते. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांतला ऱ्ह तर अनेक रूपांतरक सरळ गाळतात किंवा त्याचा ‘र्ह’ करतात. रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्ह, ऱ्य, ज्ञ, क्ष आणि ‘द्य’, ‘द्ध’, ‘ट्ट’ असलेली सगळी नावे वेगळी काढून माणसाने नजरेखालून घालावीत. सगळी यादी तपासण्यापेक्षा हे पुष्कळ लवकर होते. नाव चुकले की पासबुक चुकते, आणि पुढे वारसनोंद व वसुलीचे कागदही चुकतात.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. एका दिवसात पाच याद्या निघतात: पॅन कोरा किंवा शून्यांनी भरलेला, जन्मतारीख १ जानेवारी असलेले, एकच मोबाइल क्रमांक पाचपेक्षा जास्त ग्राहकांवर असलेले (बहुधा तो एजंटाचा असतो), शिल्लक उणे असलेल्या ठेवी, मुदत संपूनही जमा बाकी दाखवणारी कर्जखाती. याच्या जोडीला एकच माणूस किती ग्राहक क्रमांकांनी नोंदला आहे ते पाहा. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ या दोन नोंदी एकाच बाईच्या असू शकतात, आणि तसे असेल तर तिच्यावरचे एकूण कर्ज व तिची जामीनकी प्रणालीला कधीच एकत्र दिसणार नाही.

आणि शेवटी जुळवणी. प्रत्येक खात्याच्या वैयक्तिक शिलकांची बेरीज तेरजेतल्या रकमेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. जुन्या संस्थांत ती अनेकदा जुळत नाही आणि फरक वर्षानुवर्षे अनामत खात्यात (न उलगडलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात) पडून असतो. नवीन प्रणालीत ‘स्थलांतर फरक’ नावाचे खाते उघडून तो तिकडे ढकलण्याचा सल्ला मिळेल. तो मानू नका. फरकाची यादी करा, कारणे शोधा आणि उरलेल्या रकमेचा निर्णय लेखापरीक्षकाच्या लेखी अभिप्रायावर मंडळाने घ्यावा. फरक एकदा नवीन प्रणालीत गेला की त्याचा माग जुन्या प्रणालीत शोधायला कोणीच मागे जात नाही.

या कामाला माणसे किती लागतील याचे गणित आधी मांडा. समजा १२,००० खातेदार आहेत आणि प्रत्येकाचा फोटो, नमुना सही व केवायसी कागद स्कॅन करून खात्याला जोडायला चार मिनिटे लागतात. एकूण ८०० तास. एक लिपिक दिवसाला सहा तास नेमाने करेल असे धरले तर १३३ दिवस, दोघे असले तर ६७. हे दिवस कामाचे आहेत, सुट्या वेगळ्या. ‘आपली पोरं करतील मधल्या वेळात’ असे म्हणून हा आकडा नाहीसा होत नाही. स्कॅन करतानाच आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाका, मागाहून झाकायला पुन्हा तितकेच तास लागतात.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. त्या योजनेत सॉफ्टवेअर आणि यंत्रसामग्रीखेरीज जुन्या नोंदींचे डिजिटायझेशन, प्रशिक्षण आणि मदतयंत्रणा हे घटकही धरलेले आहेत. पतसंस्थेच्या अंदाजपत्रकातही या ओळी स्वतंत्र हव्यात. शिवाय होस्टिंग, दुसरी इंटरनेट लाइन (वेगळ्या कंपनीची आणि शक्यतो वेगळ्या रस्त्याने आलेली), पासबुक प्रिंटर, यूपीएसच्या बॅटऱ्या, सुरक्षा तपासणी, स्थलांतराच्या काळातला जादा भत्ता, आणि एसएमएस. एसएमएससाठी संस्थेची डीएलटी नोंदणी (व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी), सहा अक्षरांचे हेडर (पाठवणाऱ्याचे नाव) आणि प्रत्येक मजकुराची मंजुरी लागते; याला आठवडे जातात, म्हणून अर्ज लवकर करा. मराठी संदेशात ७० अक्षरांपर्यंत एक संदेश मोजला जातो, इंग्रजीत १६०. मजकूर लांबला की खर्च दुप्पट होतो. दरपत्रकांची तुलना पहिल्या वर्षाच्या रकमेवर करू नका, पाच वर्षांच्या एकूण खर्चावर करा आणि वर १५ ते २० टक्के राखीव ठेवा.

प्रात्यक्षिकाच्या वेळी कंपनीचा तयार डेटा पाहू नका. तुमची वीस-पंचवीस प्रकरणे द्या आणि ती तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. उदाहरणार्थ: मयत खातेदाराची मुदत ठेव, दोन वारस, त्यांतला एक अज्ञान (१८ वर्षांखालील), मुदतपूर्व मागणी. सोनेतारणातले पाच दागिने, अंशतः परतफेड करून दोनच सोडवायचे. जामीनदाराचे स्वतःचे कर्ज थकलेले असताना नवीन अर्ज. सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या (थकबाकी वसुली दाखल्याच्या) अर्जासाठी आजपर्यंतच्या व्याजासह खातेउतारा, आणि त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे (संगणकीय नोंद पुरावा म्हणून देताना) द्यावयाचे प्रमाणपत्र. एजंटाने एकच वसुली फाइल दोनदा पाठवली तर प्रणाली दुसरी अडवते का? या शेवटच्या प्रश्नावर बरेच काही कळते. तुमच्याएवढ्याच शाखा असलेल्या एका संस्थेला भेट द्या, आणि जमल्यास ही प्रणाली सोडून गेलेल्या एका संस्थेलाही.

तारखेबद्दल आमचे मत ठाम आहे: १ एप्रिल टाळा. आरंभीच्या शिलका स्वच्छ मिळतात हा तिचा फायदा खरा आहे. पण मार्चअखेरची वसुली, व्याज, तरतुदी, ताळेबंद आणि लेखापरीक्षण याच माणसांच्या डोक्यावर असते आणि त्यांनाच नवीन प्रणालीचे पडदे (स्क्रीन) शिकायचे असतात. एप्रिलमध्ये चूक सापडली तर ती जुन्या वर्षाची की नव्या प्रणालीची हे ठरवायलाच महिना जातो. आम्ही सुचवतो ते असे: जूनअखेरचे तिमाही व्याज जुन्या प्रणालीत टाकून १ जुलैला एकच मध्यम आकाराची शाखा सुरू करा. मुख्य शाखा नको आणि सर्वांत लहानही नको. तिचे दोन महिनाअखेर सुरळीत गेले की बाकीच्या शाखा गटागटाने घ्या, दिवाळीच्या आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस सोडून. १ फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत कोणतीही शाखा हलवू नका. या पद्धतीत काही महिने दोन प्रणाली शेजारी चालतात आणि शाखा खात्याच्या नोंदी रोज हाताने जुळवाव्या लागतात. तो त्रास खरा आहे, त्यासाठी एक माणूस ठरवून ठेवा.

सगळ्या शाखा एका रात्रीत हलवण्याचे काय होऊ शकते हे ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पाहिले. ५२ लाख ग्राहकांचा डेटा प्रामुख्याने एकाच टप्प्यात नव्या प्रणालीवर नेला आणि सुमारे १९ लाख लोकांना आपली खाती उघडता येईनात. पुढे झालेल्या स्वतंत्र चौकशीत दिसले की दोन डेटा सेंटरांपैकी एकाचीच भार-चाचणी झाली होती आणि वेळापत्रक नव्याने आखले गेले तेव्हा संचालक मंडळाने पुरेसे प्रश्न विचारले नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. एवढी मोठी बँक, एवढे तंत्रज्ञ, आणि तरी मंडळाचे प्रश्न कमी पडले.

खऱ्या स्थलांतराआधी पूर्ण डेटा घेऊन तीन रंगीत तालमी करा. प्रत्येक वेळी घड्याळ लावा. तिसऱ्या तालमीला सव्वीस तास लागले तर शनिवारी संध्याकाळी बंद करून सोमवारी सकाळी उघडायला किती अवकाश उरतो हे तुम्हाला कळेल. प्रत्येक योजनेतली मिळून शंभर खाती निवडा, त्यांचे व्याज हाताने काढा आणि पडताळा: सर्वांत जुने, संयुक्त, अज्ञानाचे, मुदतपूर्व, थकीत, सगळे प्रकार त्यात हवेत. सर्व शाखांत दोन-दोन महिने समांतर नोंदी करायला लावू नका. माणसे थकतात आणि एका पडद्यावरचे आकडे दुसऱ्यावर उतरवतात. जुळणी दिसते, तपासणी झालेली नसते. एका शाखेत पंधरा दिवस, त्यात एक महिनाअखेर, एवढे पुरे.

परत फिरण्याची वेळही आधीच लिहून ठेवा. रविवारी दुपारी चारपर्यंत तेरीज जुळली नाही तर सोमवारी जुन्या प्रणालीवर कामकाज, असा नियम आणि तो निर्णय घेणाऱ्या व्यक्तीचे नाव. ऐन वेळी हा निर्णय घ्यायला कोणीच धजत नाही.

कराराबद्दल थोडक्यात. पैसे तारखांना बांधू नका, कामाला बांधा: २० टक्के व्याप्तीचा कागद मंजूर झाल्यावर, ३० टक्के दुसऱ्या तालमीत तेरीज जुळल्यावर, ३० टक्के पहिल्या शाखेचा महिनाअखेर नीट पार पडल्यावर आणि उरलेले २० टक्के सर्व शाखा सुरू होऊन तीन महिने झाल्यावर. करार संपल्यास ३० दिवसांत संपूर्ण डेटा सीएसव्हीमध्ये (कोणत्याही प्रणालीत उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये), तक्त्यांच्या वर्णनासह आणि सह्या-फोटो ग्राहक क्रमांकाच्या नावाने, हे कलम पहिल्या पानावर हवे. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्रीय यंत्रणेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग (प्रणालीतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात; हे कोण करणार ते नावानिशी लिहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार डेटा कंपनीच्या सर्व्हरवर असला तरी जबाबदारी संस्थेचीच राहते.

एका कलमावर मात्र अजिबात तडजोड नको: बॅकएंडमधून दुरुस्ती. व्याज चुकले, नोंद अडकली की शाखा फोन करते आणि कंपनीचा माणूस थेट डेटाबेसमध्ये आकडा बदलतो. पाच मिनिटांत काम होते, व्हाउचर नसते, किर्दीत दिसत नाही. अपहार लपवायला यापेक्षा सोपी वाट नाही. प्रत्येक अशी दुरुस्ती संस्थेच्या दोन अधिकाऱ्यांच्या लेखी मागणीवरच व्हावी, आधीचा आणि नंतरचा आकडा नोंदला जावा आणि दरमहा यादी मंडळापुढे यावी. नोंद करणारा आणि मंजूर करणारा वेगळे असावेत हा नियमही असाच पाळा. दोनच माणसांच्या शाखेत एक रजेवर गेला की मंजुरी मुख्य कार्यालयातून कशी द्यायची, हे सुरू होण्याआधी ठरवा. नाहीतर पहिल्याच रजेला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलावर येतो.

ठरावाचा मसुदा देत आहोत. गरजेप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत.

‘संस्थेची संगणक प्रणाली बदलण्याची आवश्यकता व शक्यता तपासण्यासाठी पाच सदस्यांची समिती नेमण्यात येत आहे. प्रकल्पप्रमुख म्हणून श्री./श्रीमती ______ यांना निम्मा वेळ दैनंदिन कामातून मुक्त करण्यात येत आहे. समितीने दहा आठवड्यांत पुढील कागद मंडळास सादर करावेत: बदलाची कारणे, योजनानिहाय व्याजनियमांचा तक्ता, जुन्या डेटाची वाचून पाहिलेली प्रत व त्यातील त्रुटींच्या याद्या, तेरीज-जुळवणी, मनुष्यबळाचे गणित, पाच वर्षांच्या खर्चाचे अंदाजपत्रक, शाखानिहाय वेळापत्रक. या कामासाठी रु. ______ मंजूर. अहवालावर निर्णय होईपर्यंत कोणत्याही पुरवठादारास अग्रिम रक्कम देऊ नये किंवा इरादापत्र देऊ नये.’

हा विषय येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

आपले,
पतसंस्थांच्या संगणकीकरणाची व लेखापरीक्षणाची कामे करणारे काही जण